सफरचंदाची साक्ष

जिभेला हाड नसतं म्हणतात. मामांच्या जिभेला हाड नव्हतं, पण वजन होतं. सव्वीस वर्षं वाइनरीच्या तळघरात त्या जिभेच्या शब्दावर बाटल्या भरल्या जात, आणि ती नाही म्हणाली तर मालकीणबाईसुद्धा चकार शब्द न काढता जिना चढून परत ऑफिसात जात. मामा लाकडी पिंपातून घोटभर वाइन काढायचे, डोळे मिटायचे, ती या गालातून त्या गालात फिरवायचे, बादलीत थुंकायचे आणि सांगायचे, "कच्ची आहे. आठ दिवस हात लावू नका." झालं. मग कुणाची बिशाद होती हात लावायची!

खरं तर मामा ते एकीचेच, त्यांच्या भाचीचे. पण काही वर्षांपूर्वी ती तिथे कामाला आली आणि आठवड्याभरात बूच बसवणाऱ्यापासून मालकीणबाईंपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायला लागले. त्याआधी त्यांना 'जीभ' म्हणत, तेही तोंडावर. मामांना ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

आता खरी गोष्ट ऐका. ती जीभ गेली होती.

हिवाळ्यात मामांना ताप आला, पडसं झालं, आठ दिवस अंथरुणात काढले. ताप गेला. वास परत आला, गोड आलं, खारट आलं, कडू तर सगळ्यांच्या आधी आलं. आंबट मात्र जे गेलं ते गेलंच. मामांनी लिंबाची फोड चोखून पाहिली, तर पाणी. व्हिनेगरचा थेंब घेतला, तर नुसती घशात चुरचुर. आणि त्यांच्या धंद्यात आंबटावाचून पान हलत नाही. नव्या वाइनमध्ये सफरचंदातलं आम्ल असतं, मॅलिक म्हणतात त्याला, चांगलं झणझणीत. पिंपातले जिवाणू हळूहळू ते खातात आणि त्याचं दह्यातलं मऊ आम्ल करतात. ते काम पुरं व्हायच्या आत बाटली भरली तर जिवाणू बाटलीत कामाला लागतात, आत वायू कोंडतो आणि बूच उडून छताला लागतं. तेव्हा सफरचंद संपलं की नाही, हे सांगणं म्हणजेच मामांची नोकरी.

मामांनी कुणाला सांगितलं नाही. घरी मामीलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावलं आणि जीभ येईल दोन दिवसांत, येईल चार दिवसांत, असं करत महिना काढला. त्या महिन्यात काही भरायचं नव्हतं म्हणून निभावलं.

आणि नेमकी तेव्हाच भाची आपलं यंत्र घेऊन आली.

तळहातावर मावेल एवढा डबा, त्याला एक फट, फटीत घालायच्या नखाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या. तीन वर्षं राबून तिने ते बनवलं होतं. पहिल्याच दिवशी तिने मामांना पिंपाशेजारी खुर्चीवर बसवलं आणि समजावलं. "हे बघ मामा, या पट्टीच्या टोकावर एन्झाइम बसवलंय. त्याला फक्त मॅलिक आम्ल चालतं. साखर दे, दारू दे, ढुंकून बघणार नाही. मॅलिक मिळालं की ते कामाला लागतं, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि तो बारीकसा प्रवाह हे यंत्र मोजतं. आम्ल जास्त, तर प्रवाह जास्त. चाळीस सेकंदात आकडा."

"म्हणजे पट्टीवर एक खवय्या बसवलायस," मामा म्हणाले.

"तसंच समज. फक्त खवय्या नाजूक आहे. फ्रीजमध्ये ठेवावा लागतो. उकाड्यात मरतो."

मालकीणबाई यंत्राकडे बघून म्हणाल्या, "आकडे मला कळत नाहीत. बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर उत्तराला आठ दिवस लागतात, म्हणून हे कामाचं वाटतंय. पण माझा भरवसा मामांच्या जिभेवर. सहा आठवडे रोज पिंपं तपासा. आधी मामा सांगतील, मग तू मोज. जुळलं तर यंत्र ठेवू. नाही जुळलं तर तुझं यंत्र तुला लखलाभ."

मामांनी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पहिल्या दिवशी त्यांनी अंदाजपंचे ठोकून दिलं. "थोडंच राहिलंय." यंत्र म्हणालं, लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे बरंच. दुसऱ्या दिवशी ते सावध झाले आणि "बरंच आहे" म्हणाले, तर त्या पिंपात नेमकं कमी. भाचीचा चेहरा पडला. पण पोरगी काय म्हणाली ठाऊक आहे? "माझंच काहीतरी चुकतंय. मामाची जीभ सव्वीस वर्षांत चुकली नाही, ती आज कशी चुकेल?" तिसऱ्या दिवशी ती डोळे सुजवूनच आली. सगळ्या तारा उसकटून पुन्हा जोडल्या होत्या तिने.

आता मामा काही दुष्ट माणूस नव्हता हो. भित्रा होता, गर्विष्ठही होता, पण दुष्ट नव्हता. त्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघून त्यांच्या काळजात कळ आली. आणि त्या कळेतूनच त्यांना ती अफलातून युक्ती सुचली. यंत्राचा आकडा आधीच आपल्याला कळला तर? पोरीचंही भलं, आपलीही अब्रू शाबूत. एका दगडात दोन पक्षी!

भाची एक वाजता जेवायला जायची. टेबलाच्या खणात एक जादाचं यंत्र होतं. मामांनी ते एप्रनच्या खिशात घातलं, फ्रीजमधून पट्ट्यांचा डबा घेतला आणि तळघरात जाऊन, भाची करायची तसंच, थेंबभर वाइन कुपीतल्या द्रावणात मिसळून पट्टी बुडवली. चाळीसपर्यंत मोजलं. आकडा आला. पाठ केला. दोन वाजता सगळ्यांसमोर डोळे मिटून, गाल फुगवून, बादलीत थुंकून ते म्हणाले, "दीडाच्या आसपास."

यंत्र म्हणालं, एक पूर्णांक पाच.

भाचीने टाळीच वाजवली. मालकीणबाईंनी भुवया उंचावल्या. आणि मामा, काय सांगू तुम्हाला, मामांना चढली. वाइन नव्हे, वाहवा. दुसऱ्या आठवड्यात ते दशांश सांगायला लागले. "एक पूर्णांक दोन... नाही, थांबा, तीन." ते 'थांबा' म्हणजे तर निव्वळ नाटक. बूच बसवणारा काम सोडून बघायला यायचा. "मामा, जिभेला काटा लावलाय का तराजूचा?" असं विचारायचा. मामा नुसते हसायचे आणि मान हलवायचे.

भाचीच्या वहीत दोन रकाने होते, एक यंत्राचा आणि एक मामांचा. दोन्हीकडे तेच आकडे. एकदाच ती म्हणाली, "पट्ट्या इतक्या भराभर कशा संपतात, कुणास ठाऊक." मामांनी ताबडतोब पिंपं पुसायला घेतली. चोराच्या मनात चांदणं.

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी गडबड झाली. वापरातल्या डब्यात सातच पट्ट्या उरल्या होत्या, सात पिंपांना बरोब्बर सात. त्यातली एक जरी घेतली असती तरी कळलं असतं, म्हणून मामांनी फ्रीजमधला नवा डबा खिशात घातला. आकडे घेऊन झाले. दोनची चाचणीही झकास पार पडली, सगळ्या पिंपांत अर्धा ग्रॅम, फार तर पाऊण. डबा परत ठेवायला निघणार तोच मालकीणबाई पाहुणे घेऊन उतरल्या. "मामा, तो एप्रन काढा आणि कोट चढवा. यांना तुमची जीभ बघायचीय." मामांनी एप्रन जवळच्या खुंटीवर अडकवला आणि वर गेले. पाहुण्यांसमोर जीभ दाखवता दाखवता संध्याकाळ झाली आणि ते तसेच घरी गेले.

ती खुंटी होती बॉयलरच्या शेजारी. आणि शनिवार-रविवार तो बॉयलर धडधडत होता, कारण येत्या आठवड्यात भरायच्या बाटल्या धुवायच्या होत्या.

सोमवारी सकाळी मामांना डबा सापडला. कोमट लागला हाताला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, दुपारसाठी सात आणि वर दोन अशा पट्ट्या खिशात टाकल्या आणि डबा गुपचूप फ्रीजमध्ये ठेवून दिला. जादाचं यंत्र तर एव्हाना त्यांच्या खिशातच मुक्कामाला होतं.

दुपारी एक वाजता त्यांनी पहिल्या पिंपात पट्टी बुडवली. शून्य.

मामा खूश झाले. मग सवयीने त्यांनी पिंपाला कान लावला. ही त्यांची जुनी खोड. जिवाणू कामावर असले की आत बारीक बुडबुडे फुटत असतात, आणि लाकडाला कान लावला तर ऐकू येतं, तिट तिट तिट. आजही येत होतं. हलकं, पण येत होतं. मामा क्षणभर घुटमळले. पण यंत्र शून्य म्हणत होतं, आणि पाच आठवडे यंत्राने त्यांची लाज राखली होती. "कानात मळ असेल," असं म्हणून त्यांनी कानात करंगळी फिरवली आणि पुढच्या पिंपाकडे गेले. बाकीच्या सहांतही शून्यच.

दोन वाजता त्यांनी घोट घेतला आणि जाहीर केलं, "संपलं." भाचीने घाईत, पट्ट्या न मोजताच, नवा डबा उघडला. सातही पिंपांत शून्य. नव्या पट्ट्या आल्या की त्यातला एक डबा ती नेहमी पारखून घेई, त्याच घाण्यातले बाकीचे डबे पारखायची गरज तिला वाटली नव्हती. मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, "यंत्र पास. उद्या आठ वाजता बाटल्या भरायला घ्या."

भाचीने सगळ्यांसमोर मामांना मिठी मारली. "मामा, तुझ्यामुळे झालं हे!"

मंगळवारी सकाळी मामी न्याहारीला हिरवी सफरचंदं चिरत होती. एक फोड तिने तोंडात टाकली आणि तिचे डोळे गपकन मिटले, खांदे कानाला लागले. "आई गं! काय आंबट आहेत हो ही!"

मामांनीही एक फोड खाल्ली. पाणी. त्यांना उगाच कुतूहल वाटलं. आपल्याला नाही कळत, पण आपल्या खवय्याला विचारू तरी! मामी ओट्याकडे वळल्यावर त्यांनी खिशातलं यंत्र आणि द्रावणाची कुपी काढली, फोड पिळून थेंब कुपीत टाकला, पट्टी बुडवली आणि मनात चाळीस मोजले.

शून्य.

शेवटची पट्टी घातली. शून्य.

मामा त्या आकड्याकडे बघत राहिले. ज्याच्यातलं आम्ल, त्याच्यातच आम्ल नाही? सफरचंदात सफरचंद नाही? आणि मग त्यांना तो कोमट डबा आठवला. खुंटी आठवली. बॉयलर आठवला. उकाड्यात मरतो, असं पोरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मेलेल्या खवय्याच्या ताटात काहीही वाढा, तो काय तक्रार करणार? आणि पिंपात तर काल तिट तिट वाजत होतं. भिंतीवरचं घड्याळ आठ दाखवत होतं.

"अहो, चप्पल तरी नीट घाला!" मामी ओरडली, तोवर मामा घरातल्या सपाता घालूनच रस्त्याला लागले होते.

वाइनरी दहा मिनिटांवर. सव्वीस वर्षांत मामा कधी धावले नव्हते, आज धावले. आणि धावता धावता डोकं चालू होतं, कारण माणूस दमला तरी त्याची लबाडी दमत नाही. थांबवायचं तर आहेच. पण काय सांगून? सोपं आहे! 'रात्रभर जिभेवर चव रेंगाळत होती, मला शंका आली.' बस्स. पट्ट्या मेल्यात हे कळेलच. जीभ जिंकेल, यंत्र हरेल. त्यांचं नाव तर आणखी वर जाईल.

आणि पोरीचं यंत्र खोक्यात जाईल. कोपऱ्यावर वळताना हे त्यांच्या ध्यानात आलं आणि पाय आपोआप मंदावले. मग पुन्हा धावायला लागले.

ते पोचले तेव्हा बारा बाटल्या भरून झाल्या होत्या. बूच बसवणारा तेरावी उचलत होता.

"थांबवा! बंद करा ते!"

बाटल्या भरायच्या यंत्राचा खडखडाट थांबला. मालकीणबाई पुढे आल्या. "काय झालं मामा?"

"संपलं नाहीये," मामा धापा टाकत म्हणाले. "सफरचंद आहे अजून पिंपात."

"काल तर शून्य आलं!" भाची म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मालकीणबाईंनी तिच्या यंत्राकडे एक थंड नजर टाकली आणि मामांना म्हणाल्या, "म्हणजे यंत्र चुकलं. मला वाटलंच होतं. तुमची जीभ काय म्हणते ते सांगा, तेवढं मला पुरे."

बघा, आयतं ताट समोर आलं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, नुसती मान हलवायची होती. मामांनी भाचीकडे बघितलं. ती यंत्र दोन्ही हातांनी धरून उभी होती, लहानपणी पडलेला दात दाखवायला आणायची तशी.

"जीभ काहीच म्हणत नाही," मामा म्हणाले. "जीभ गेली. हिवाळ्यातल्या तापापासून आंबट लागत नाही मला. दीड महिना मी जे आकडे सांगितले ते सगळे तिच्याच यंत्राचे. जेवणाच्या सुट्टीत चोरून बघत होतो. यंत्र चुकलं नाही हो. पट्ट्यांचा डबा मी बॉयलरपाशी विसरलो आणि मीच त्या मारल्या. आज सकाळी सफरचंदावर लावून बघितली, तरी शून्य."

बूच बसवणाऱ्याने हातातलं बूच खाली ठेवलं.

भाची एका खोक्यावर बसली. "म्हणजे सगळ्या नोंदी?" ती हळू आवाजात म्हणाली. "पहिले दोन दिवस सोडून सगळ्या?"

"सगळ्या."

"मामा!" आता तिचा आवाज चढला. "तू माझा पेपर बघून तुझा लिहीत होतास, आणि मी तुझा पेपर बघून माझा तपासत होते? आणि वर मला वाटत होतं, काय जुळतंय, काय जुळतंय! दीड महिना! पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला खाल्लं असतं का?"

"नाही."

"मग?"

मामांची मान खाली गेली. खाली त्यांच्या सपाता होत्या, एका पायात त्यांची आणि दुसऱ्या पायात मामीची. भाचीलाही त्या दिसल्या. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून फुटलंच.

तेवढ्यात मामी येऊन पोचली, एका हातात मामांचे बूट, दुसऱ्यात राहिलेल्या न्याहारीची पिशवी. काय झालं ते बूच बसवणाऱ्याने तिला एका दमात सांगून टाकलं.

"अहो, एवढंच ना?" मामी म्हणाली. "मला हिवाळ्यापासून माहीत आहे. एरवी दही जरा आंबट झालं की नाक मुरडणारा माणूस, गेले तीन महिने वाटीच्या वाटी गपागप खातोय. म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

मालकीणबाईंनी भाचीकडे हात पुढे केला. "नवा डबा आण. आणि मामी, त्या पिशवीत सफरचंद आहे का?" होतं. भाचीने फ्रीजमधून मामांचा हात न लागलेला डबा आणला, सफरचंदाचा थेंब घेतला आणि पट्टी बुडवली. आकडा असा सरसर वर गेला की बूच बसवणारा "अरे बाप रे!" म्हणाला. खवय्या जिवंत होता. मग पहिलं पिंप. शून्य पूर्णांक पाच.

"कान लावा इथे," मामा मालकीणबाईंना म्हणाले. त्या वाकल्या. कान लाकडाला टेकला. बराच वेळ त्या तशाच राहिल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "तिट तिट वाजतंय."

"हे काल मी ऐकलं होतं. आणि मळ समजलो."

मालकीणबाई ताठ उभ्या राहिल्या. "त्या बारा बाटल्या परत पिंपात ओता. चाचणी आजपासून पुन्हा, सहा आठवडे. दर सोमवारी नमुने बाहेर पाठवायचे, आठ दिवस लागले तर लागू देत. जिभेचं काम मामी करतील, त्यांना जमणार असेल तर. आणि मामा..." मामांनी डोळे मिटले. "कान शाबूत आहेत ना तुमचे? मग तुम्ही घरी बसून काय करणार? रोज सकाळी आधी सफरचंदावर पट्टी तपासायची, ती जिवंत आहे याची खात्री तुम्ही करायची, आणि मग प्रत्येक पिंपाला कान लावायचा. पण पुन्हा काही लपवलंत तर मी बोलणार नाही, मामी बोलतील."

"ते जास्त वाईट," मामा म्हणाले, आणि त्यांनी पटकन डोळे पुसले.

दुपारी दोन वाजता भाचीने कोरी वही काढली आणि रकाने आखले. सफरचंद. पट्टी. कान. मामी. मामीने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाली, "आहे बाई अजून थोडं. जिभेच्या कडेला चावतंय." भाचीने ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. मग तिने शेवटची रेघ ओढली आणि आणखी एक रकाना केला. वर लिहिलं, मामा.

"हा कशाला?" मामा दचकले. "माझा कान झाला की लिहून."

"जीभ परत आली तर कुठल्या दिवशी आली ते कळायला नको? रोज घोट घ्यायचा आणि खरं सांगायचं."

"लिहायलाच पाहिजे?"

"लिहायलाच पाहिजे."

मामांनी पेला उचलला. डोळे मिटले. घोट या गालातून त्या गालात फिरवला, पुन्हा फिरवला, बादलीत थुंकले. सगळे वाट बघत होते, जुन्या सवयीने बूच बसवणारासुद्धा.

"काही कळत नाही," मामा म्हणाले.

भाचीने लिहिलं, 'काही कळत नाही.' दीड महिन्यात मामांच्या रकान्यात पडलेली ती पहिली खरी नोंद होती, आणि तिच्यापुढे तिने न विचारता बरोबरची खूण केली.